लायसन्सच्या टेस्टआधी सराव: ठाणे-नवी मुंबईत कोणते रस्ते घ्यावेत?

तलावपाळी
नमस्कार मंडळी. चारचाकीचं लर्निंग लायसन्स मिळालंय, मोटर ट्रेनिंग स्कूलचा क्लासही संपलाय. टेस्टचा स्लॉट पुढच्या महिन्यात घ्यायचा विचार आहे.

अडचण अशी की क्लासची गाडी रोज एकाच फेरीने जायची. वसंत विहार, पोखरण रोड नंबर दोन आणि परत. तिथला प्रत्येक गतिरोधक आता पाठ आहे. त्यामुळे मला गाडी येते की फक्त तेवढा रस्ता येतो, हेच कळत नाही. परवा घरची गाडी घराजवळच्याच मानपाड्याच्या सिग्नलला घेऊन गेले, तर सगळं नवीनच वाटलं.

घरची गाडी साधी हॅचबॅक आहे, गिअरची. शेजारी बसायला मोठे दीर तयार आहेत. त्यांचं लायसन्स जुनं आहे आणि स्वभाव शांत. सासूबाईंना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपीला न्यावं लागतं आणि त्यांना रिक्षात चढता येत नाही. म्हणून नुसता कार्डाचा तुकडा नकोय, गाडी खरोखर यायला हवी आहे. टेस्टपर्यंत कुठल्या रस्त्यांवर, कुठल्या वेळी, काय सराव करू? ठाण्यातल्या लोकांनी कृपया नाव-गाव घेऊन सांगा.

खारेगावकर
ताई, रस्त्यांचा एवढा विचार करू नका. मैदानावर गाडी पुढे न्यायची, मागे घ्यायची, चढावर थांबवून सोडायची. बस. आमच्या घरात सगळे असेच पास झाले. रस्ता काय, लायसन्स मिळाल्यावर आयुष्यभर शिकायचाच आहे.

गिअरबदल
खारेगावकर, हे मला अजिबात पटत नाही. लायसन्स हातात आल्यावर शेजारची सीट रिकामी असते. ज्या दिवसांत कायद्यानेच शेजारी अनुभवी माणूस बसवलेला असतो, ते दिवस मैदानात गोल फिरण्यात घालवायचे आणि तीन हात नाका एकट्याने पहिल्यांदा बघायचा, हे उलटं झालं.

तलावपाळी, मी बरीच वर्षं गाडी शिकवली आहे. टेस्टला घाबरणारी बहुतेक मंडळी एकाच फेरीवर शिकलेली असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १५ वा नियम एकदा शांतपणे वाचा. टेस्टमध्ये उमेदवाराने काय करून दाखवायचं त्याची लांबलचक यादी तिथे आहे. आरसा लावून घेणं, सगळे गिअर टाकत वरच्या गिअरपर्यंत जाणं, गरज पडताच खालच्या गिअरला येणं, उतारावर गिअर उतरवणं, चढावर थांबून मागे न सरकता पुन्हा निघणं, अरुंद जागेत रिव्हर्स घेणं, पुढे-मागे करत गाडीचं तोंड उलट दिशेला फिरवणं, लेन बदलण्याआधी आरसा आणि सिग्नल, पोलीस नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर चालणाऱ्यांना आधी जाऊ देणं. मैदानावर यातलं सगळं बघायला जागा पुरत नाही, पण नियमाची अपेक्षा तेवढी आहे. मी विद्यार्थ्यांना हीच यादी देत असे आणि म्हणत असे, यातली एकेक गोष्ट आपल्या ठाण्यात कुठे मिळते ते शोधा.

मानपाड्याहून तुमच्यासाठी मी असं लावीन.

पहिले काही दिवस वागळे इस्टेटच्या आतले रस्ते, कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी. रस्ते सरळ आहेत, चौक पुष्कळ आहेत आणि बहुतेक चौकांना सिग्नल नाही. प्रत्येक चौकाला वेग कमी, दुसरा गिअर, उजवीकडे बघा, डावीकडे बघा, मग पुढे. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, हे नुसतं पाठ असून भागत नाही, मानेला सवय लागावी लागते. कडेला ट्रक उभे असतात. त्यांच्या मागून माणूस बाहेर येणारच असं धरून चाला. रिव्हर्स आणि तोंड फिरवण्याचा सरावही इथेच, एखाद्या बंद टोकाच्या रस्त्यावर.

मग कॅडबरी जंक्शनकडून वर्तकनगरमार्गे उपवनला जाणारा पोखरण रोड नंबर एक. बस, शाळेच्या व्हॅन, कडेला थांबणाऱ्या रिक्षा सगळं मिळेल. सकाळी शाळा सुटायच्या आणि भरायच्या वेळी मुद्दाम जा. रिक्षा थांबली की उतारू कुठल्या बाजूने उतरेल, बसपुढून कोण पळत येईल, हे आधी ओळखणं तिथे शिकता येतं. उपवन तलावापाशी संध्याकाळी गर्दी फार, तेव्हा सुरुवातीला टाळा.

चढासाठी टिकुजिनीवाडीकडे जाणारा रस्ता तुमच्या घराजवळच आहे. हिरानंदानी इस्टेटच्या आतले चढही चालतील. तिथे हात बसल्यावर येऊरच्या डोंगराचा रस्ता.

घोडबंदर रोड आणि तीन हात नाका शेवटी, पण टेस्टच्या आधी नक्की. तीन हात नाक्याला उड्डाणपुलाखाली कुठल्या रांगेत राहायचं ते सिग्नलच्या बरंच आधी ठरवावं लागतं. एकदा रिक्षाने जा आणि फक्त लेन बघा. कोणती रांग कुठे वळते हे डोक्यात बसलं की गाडी चालवताना निम्मं ओझं उतरतं.

आणि एका फेरीत एकच गोष्ट. आज फक्त आरसे, उद्या फक्त थांबणं. सगळं एकदम सुधारायला गेलं की काहीच सुधारत नाही.

सानपाडाकर
वा, गिअरबदल यांची पोस्ट जपून ठेवली.

नवी मुंबईकडून थोडी भर घालतो. खाडी ओलांडून आलात तर गोल चौकांचा सराव इकडे उत्तम होतो. वाशीचा छत्रपती शिवाजी महाराज चौक, खारघरचा उत्सव चौक. गोलात आधीपासून असलेल्या गाडीला प्राधान्य, बाहेर पडताना डावा इंडिकेटर. प्रत्यक्षात बरेच जण सरळ घुसतात, म्हणून पहिल्या दिवशी कडेला गाडी लावून जरा वेळ नुसतं बघा. कोण इंडिकेटर देतो, कोण देत नाही, जागा कशी मिळते ते कळतं.

खारघरला सेंट्रल पार्कच्या बाजूचे रस्ते रुंद आहेत, तिथे तिसरा-चौथा गिअर शांतपणे टाकता येतो. बेलापूरला पारसिक हिलवर भरपूर चढ आणि वळणं आहेत.

पाम बीच मार्ग मात्र नवशिक्यांनी सोडा. रस्ता गुळगुळीत दिसतो म्हणून लोक शिकाऊ माणसाला तिथेच नेतात, पण मागून गाड्या फार वेगात येतात आणि तुम्ही हळू असलात की तोच धोका. तुर्भ्याला एपीएमसीच्या आसपास पहाटेची ट्रकची गर्दी असते, तेही नको. ठाणे-बेलापूर रोड सुट्टीच्या सकाळी चालेल.

घणसोली_सेक्टर
एक शंका. घरच्या गाडीवर सराव करताना काही झालं तर इन्शुरन्स चालतो का? आमच्याकडे याच कारणाने वडील गाडी देत नाहीत.

गिअरबदल
चालतो, पण अटींवर. पॉलिसीच्या कागदावर ड्रायव्हरचं कलम असतं, तेवढं वाचा. लर्निंग लायसन्सवाल्याला गाडी चालवता येते, मात्र १९८९ च्या नियमांतला तिसरा नियम पाळलेला असला पाहिजे असं त्यात लिहिलेलं असतं. म्हणजे शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस, तोही गाडी ताब्यात घेऊ शकेल किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला. मागच्या सीटवरचे काका चालत नाहीत. शिवाय गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड, तळाशी ९ सेंटिमीटर रुंद. वहीच्या कागदावर लिपस्टिकने काढलेला एल मी पाहिला आहे, तसं करू नका. स्टेशनरीच्या दुकानात तयार स्टिकर मिळतं.

तलावपाळी, क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली क्लच आणि ब्रेक असतो. घरच्या गाडीत दिरांच्या हाताशी फक्त हँडब्रेक आहे. म्हणून पहिल्याच दिवशी रिकाम्या रस्त्यावर अगदी हळू वेगात असताना त्यांना हँडब्रेक ओढून गाडी थांबवून बघायला सांगा. दोघांनाही ते माहीत असलेलं बरं. बटणाचा हँडब्रेक असेल तर तो कसा वागतो ते आधी पुस्तिकेत वाचा.

तलावपाळी
सगळ्यांचे मनापासून आभार. हँडब्रेक साधा ओढायचाच आहे.

चढाचं जरा सविस्तर सांगाल का? क्लासमध्ये “हाफ क्लच धरा” एवढंच सांगायचे. गाडी मागे सरकते आणि मागच्याने हॉर्न दिला की पाय थरथरतो.

गिअरबदल
हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, गाडी चढावर धरून ठेवायची सवयच लावून घेऊ नका. क्लच प्लेट जळते आणि पाय दमतो. चढावर हँडब्रेक वापरा. नियमातही हँडब्रेकचा योग्य वापर म्हटलेलं आहे, त्यात कमीपणा काही नाही.

गाडी थांबली की हँडब्रेक पूर्ण वर. पहिला गिअर. आता क्लच हळूहळू सोडा. एका जागी इंजिनाचा आवाज खाली बसतो आणि गाडीचं नाक किंचित उचललं जातं. तिथे पाय थांबवा, हलवू नका. थोडा ॲक्सिलरेटर द्या. मग हँडब्रेकचं बटण दाबून खाली. गाडी मागे न जाता पुढे सरकेल, नंतर उरलेला क्लच सावकाश सोडा. नाक उचललं जाण्याआधी हँडब्रेक सोडायचा नाही, मागून कितीही हॉर्न वाजू देत. हॉर्न देणाऱ्याला थांबता येतं.

हे आधी सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटरला पाय न लावता करा. क्लच कुठे धरतो ते प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, म्हणून ज्या गाडीवर टेस्ट देणार तिच्यावरच सराव हवा. हल्लीच्या काही गाड्यांत चढावर ब्रेक आपोआप दोन-तीन सेकंद धरला जातो. घरच्या गाडीत तो असेल आणि टेस्ट क्लासच्या गाडीवर असेल, तर त्या दिवशी गाडी मागे जाणार.

येऊरला गेलात तर सुट्टीच्या दिवशी नको, आणि सकाळी चालणारे, धावणारे, सायकलवाले खूप असतात. आठवड्यातली दुपार बरी. उतरताना दुसऱ्या गिअरवर उतरा. न्यूट्रल करून ब्रेकवर उतरणं कायमचं विसरा. आणि अरुंद जागी समोरून वर चढणारी गाडी आली तर तिला आधी जाऊ द्या, उताराच्या गाडीने थांबायचं असतं. माकडांना खायला घालायला लोक मध्येच गाडी थांबवतात, त्याचंही लक्ष ठेवा.

कोपरीची_पोर
मला झेब्रा क्रॉसिंगबद्दल विचारायचं आहे. मी माणसांसाठी थांबले की मागचा आदळेल अशी भीती वाटते. बाबा म्हणतात, आपल्याकडे कोणी थांबत नाही, तूही थांबू नकोस. मग टेस्टला काय आणि रोज काय, दोन वेगळ्या पद्धती करायच्या का?

सानपाडाकर
बाबांची भीती खरी आहे. एकदम ब्रेक मारला तर मागचा खरंच येऊन बसेल.

गिअरबदल
म्हणूनच एकदम मारायचा नाही. क्रॉसिंग लांबून दिसतं, कडेला उभा असलेला माणूसही दिसतो. तिथूनच ॲक्सिलरेटर सोडा, आरशात मागचा बघा, ब्रेकवर हलका पाय ठेवा म्हणजे मागे लाल दिवा लागतो आणि मागच्याला कळतं. मग सावकाश थांबा. मागचा फार जवळ असेल तर हे सगळं आणखी आधी सुरू करा.

दोन पद्धती करू नकोस, बाळ. टेस्टपुरतं शिकलेलं अंगात राहत नाही, गोंधळात जे सवयीचं असतं तेच पाय करतात. वर्तकनगर, नौपाडा, कोपरी कुठेही बघ, रस्ता ओलांडणाऱ्यांत म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं जास्त असतात. त्यांच्यासाठी थांबणारा कोणीतरी पहिला असायलाच हवा. याबाबत मी विद्यार्थ्यांशी कधी तडजोड केली नाही.

कोपरीची_पोर
पटलं. बाबांना ही पोस्ट दाखवते.

नेरूळ_पूर्व
शेजारी बसणाऱ्यांसाठीही कोणीतरी लिहा! नवऱ्याबरोबर सरावाला गेले की दोघेही अबोल्याने घरी येतो. “अगं ब्रेक, ब्रेक!” असं ओरडतात तेव्हा मला कुठल्या गोष्टीसाठी ब्रेक हेच कळत नाही.

वर्तकनगरचे_आजोबा
हे मी सांगतो. माझ्या दोन्ही मुली आणि सून माझ्या शेजारी बसून सराव करून पास झाल्या.

सूचना आधी द्यायची. वळणावर पोचल्यावर “डावीकडे घे” म्हणून उपयोग नाही, “पुढच्या सिग्नलनंतर डावीकडे जायचंय” असं आधीच्या चौकात सांगायचं. धोक्याचं नाव घ्यायचं: “डावीकडे सायकलवाला”, “पुढची रिक्षा थांबेल”. काय करायचं ते चालवणाऱ्याला ठरवू द्यायचं. चूक झाली तर चालत्या गाडीत चर्चा नाही. गाडी कडेला लावून दोन वाक्यं बोलायची, मग पुढे. मोबाइल खिशात.

आणखी एक युक्ती फार उपयोगी पडली. चालवणाऱ्याने स्वतः मोठ्याने बोलत चालवायचं. “सिग्नल हिरवा आहे पण कधीचा आहे माहीत नाही, पाय ब्रेकवर. उजवीकडून मोटरसायकल. बसचा इंडिकेटर चालू, बाहेर येईल.” शेजारच्याला कळतं की तिने पाहिलंय, त्यामुळे तो ओरडत नाही. आणि जे बोलण्यात आलं नाही ते तिला दिसलं नाही, हेही लगेच समजतं. क्लाससारखा पैसा न मोजता हे घरात शिकवता येतं, तेव्हा नवऱ्यांनी, दिरांनी आणि सासऱ्यांनी जरा धीर धरावा.

नेरूळ_पूर्व
आजोबा, तुम्हाला साष्टांग नमस्कार. आज रात्री नवऱ्याला वाचून दाखवते.

कळवा_पूल
पण आता आरटीओत टेस्ट द्यावीच लागत नाही ना? व्हॉट्सॲपवर आलं होतं की ड्रायव्हिंग स्कूलच सर्टिफिकेट देतं.

घणसोली_सेक्टर
ते अर्धवट आहे. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम १ जुलै २०२१ पासून लागू आहेत. अशा केंद्रात हलक्या वाहनाचा २९ तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करून तिथली परीक्षा पास झाल्यास आरटीओच्या टेस्टमधून सूट मिळते. त्या केंद्रांना जमीन, सिम्युलेटर, ट्रॅक अशा अटी आहेत. आपल्या गल्लीतल्या नेहमीच्या ट्रेनिंग स्कूलला हे लागू नाही. १ जून २०२४ पासून सगळं बदलणार असा मेसेज फिरला तेव्हा केंद्रीय मंत्रालयाने काहीही बदललेलं नाही असा खुलासा केला होता.

खारेगावकर
माझ्या पहिल्या पोस्टवर सगळे तुटून पडलात. ठीक आहे, रस्त्याचं मान्य. पण मैदानाचा सराव करूच नका असं कोणी म्हणू नये. आठ आकडा आणि रिव्हर्स हे रस्त्यावर जमत नाही.

गिअरबदल
बरोबर बोललात, त्यात वाद नाही. रिव्हर्ससाठी सोसायटीच्या आवारात दोन रिकामे डबे किंवा विटा ठेवून जागा आखा. रिव्हर्स म्हणजे हाफ क्लचवर मुंगीच्या पावलाने. मान वळवून मागच्या काचेतून बघा, फक्त आरशावर किंवा कॅमेऱ्यावर विसंबू नका. गाडी जिकडे न्यायची तिकडे स्टिअरिंग, आणि थोडं फिरवून थांबून बघायचं. सुधारता येत नसेल तर पुढे घेऊन पुन्हा. आवारात मुलं खेळत असतील तर मात्र त्या वेळी नाही. रिव्हर्समध्ये लहान मूल दिसतच नाही.

तलावपाळी
नापास झाले तर काय होतं? आणि घाई करून स्लॉट घेऊ की थांबू?

घणसोली_सेक्टर
लर्निंग लायसन्स मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर टेस्ट देता येते आणि ते सहा महिने चालतं, त्यामुळे मध्ये चांगला अवधी आहे. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालं तर शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं. फक्त सहा महिन्यांच्या अगदी टोकाला पहिली टेस्ट ठेवू नका, म्हणजे दुसऱ्या संधीला जागा राहते. टेस्टला लर्निंग लायसन्स, गाडीचं आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसी, सगळं मुदतीत असलेलं.

गिअरबदल
तारीख कॅलेंडरवरून ठरवू नका. ज्या दिवशी दीर पूर्ण फेरीत एकही सूचना न देता गप्प बसू शकतील, आणि तो रस्ता तुम्ही आधी चालवलेला नसेल, त्या दिवशी स्लॉट घ्या. रस्ता त्यांना ठरवू द्या, तुम्हाला सांगायचा नाही. बाळकुम, कोलशेत, कळवा, कुठेही.

पारसिकचा_वारा
माझा स्लॉट जुलैमध्ये आहे. पावसात सराव करू की पाऊस थांबायची वाट बघू?

वर्तकनगरचे_आजोबा
जुलैमध्ये पाऊस थांबायची वाट बघत बसलात तर गणपती येतील. पावसातच करा, पण मुसळधार असताना नको. पुढच्या गाडीपासूनचं अंतर एरवीपेक्षा दुप्पट ठेवा. पाणी साचलेल्या जागी खड्डा किती खोल ते दिसत नाही, तेव्हा पुढची गाडी तिथून कशी जाते ते बघून मगच जा. काच आतून धुरकट झाली की एसी चालू करून वारा पुढच्या काचेवर सोडा, कपड्याने पुसत चालवू नका. दिवसासुद्धा हेडलाइट लावा, पार्किंग लाइट नाही. आणि पहिल्या पावसाच्या सरी पडतात तेव्हा रस्त्यावरचं तेल वर येऊन घसरण होते, त्या दिवशी घोडबंदरला जाऊ नका. वायपरचं रबर कडक झालं असेल तर मेमध्येच बदलून घ्या. पावसाळा लागला की दुकानात आपल्या मापाचं मिळेलच असं नाही.